खुडूक कोंबडी आणि घरातली पोरं

शेतकऱ्याच्या घरात जनावरांची मालकी कुठल्या कागदावर लिहिलेली नसते, पण ठरलेली असते. बैल बापाचे, गाय-म्हैस आईच्या हातची, शेळ्या ज्याला दुसरं काम नाही त्याच्या वाट्याच्या. कोंबड्या मात्र आजीच्या आणि पोरांच्या. नाशिक जिल्ह्यातल्या निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागेत पोरांच्या हाती कोणी कात्री देत नाही, कारण घडाची विरळणी चुकली तर वर्षाचं उत्पन्न हातचं जातं. कांद्याच्या चाळीत त्यांना फार तर कांदे निवडायला बसवतात. पण सकाळी खुराड्याची फळी बाजूला करायची, अंडी गोळा करायची, संध्याकाळी मोजून कोंबड्या आत घ्यायच्या, हे काम सात-आठ वर्षांच्या पोरावर बिनधास्त सोपवलं जातं. चुकलं तर एखादं अंडं फुटतं, एवढंच.

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, इगतपुरी या पश्चिमेच्या भात-नागलीच्या पट्ट्यात तर कोंबडीचं महत्त्व आणखी मोठं. कोकणा, महादेव कोळी, वारली कुटुंबांच्या पाड्यांवर बहुतेक अंगणांत चार-सहा कोंबड्या असतातच. पाहुणा आला, कुणी आजारी पडलं, शाळेच्या वह्या घ्यायच्या झाल्या की त्यातली एक बाजारात जाते. हा पैसा बहुधा घरातल्या बाईच्या हाती राहतो. शेजारणीकडे कोंबडी अर्धलीनं द्यायची रीतही जुनी. कोंबडी एकीची, सांभाळ दुसरीचा, पिल्लं दोघींत निम्मी. नऊ पिल्लं निघाली तर वाटणी कशी करायची, हा हिशेब शाळेतल्या अपूर्णांकांच्या कितीतरी आधी पोरांच्या कानावर पडलेला असतो.

हे प्रकरण अशा घरांसाठी आहेच. पण शहरात नोकरी करून गावाकडची एक-दोन एकर सांभाळणारी, सुट्टीत मुलांना मळ्यावर नेणारी जी कुटुंबं नाशिकभोवती वाढली आहेत, त्यांच्यासाठी जास्त आहे. या घरांत पिल्लं आणायची हौस दांडगी असते आणि सांगणारी आजी जवळ नसते.

सुरुवात कुठून करायची? माझं मत सरळ आहे: पिल्लापासून नको, खुडूक कोंबडीपासून करा. अंडी घालून झाली की देशी कोंबडी एक दिवस जागेवरून उठायचंच नाकारते. पिसं फुलवते, जवळ गेलं की घशातून गुरगुरते, हात घातला तर टोचते. तिच्या शरीरात प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढलेलं असतं. त्यामुळे अंडी घालणं थांबतं आणि उबवण्याची ओढ लागते. मोठ्या पोल्ट्रीवाल्याला ही खुडूक नको असते, कारण बसलेल्या कोंबडीचे अंड्याविना गेलेले दिवस त्याला परवडत नाहीत. पिढ्यान् पिढ्या निवड करून त्यानं आपल्या कोंबड्यांतली ही सवय घालवून टाकली. पिंजऱ्यातली लेअर कोंबडी वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी देते ती याच जोरावर. देशी कोंबडी साठ-सत्तरावर थांबते, पण पिल्लं स्वतः काढते आणि स्वतः वाढवते. मुलांना दाखवायला हीच कोंबडी हवी.

बसवण्यासाठी टोपली किंवा जुनी पाटी घ्यायची, तळाशी राख किंवा माती, वर भाताचा पेंढा किंवा गव्हाचं काड. राखेमुळे पिसवांना आळा बसतो. जागा अंधारी, कोरडी आणि पायाखाली न येणारी असावी. अंडी दहा-बारा, आठवड्याच्या आतली, न धुतलेली. धुतलं की कवचावरचा नैसर्गिक थर जातो आणि आत जंतू शिरायला वाट मिळते. विजेच्या कडकडाटानं अंडी बिघडू नयेत म्हणून पाटीत लोखंडाचा तुकडा ठेवणाऱ्या आज्या आहेत. त्यानं नुकसान काही होत नाही, तेव्हा आजीशी वाद घालू नये. कोंबडी संध्याकाळी अंधार पडल्यावर बसवायची. दिवसा बसवली तर उठून जुन्या जागी पळते.

मग २१ दिवस. पोरांच्या दृष्टीनं हे तीन आठवडे संपता संपत नाहीत, म्हणून भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर रोज एक फुली मारायला लावावी. कोंबडी दिवसातून एखाद्या वेळी उठते, घाईघाईनं चारा-पाणी उरकते, एकदाच भलीमोठी विष्ठा टाकते आणि पुन्हा येऊन बसते. ती उठण्याच्या वेळी दाणे आणि पाणी जवळ ठेवणं हे मुलांचं काम. ती चोचीनं अंडी सारखी फिरवत असते, हेही लपून पाहायला सांगावं. अंडं एकाच कुशीवर राहिलं तर आतला गर्भ कवचाच्या पडद्याला चिकटतो आणि मरतो. उबवणी यंत्रात हेच काम मोटर करते.

सातव्या-आठव्या रात्री खरी गंमत. पुठ्ठ्याला अंड्यापेक्षा लहान भोक पाडायचं, मागे मोबाईलचा टॉर्च धरायचा आणि अंधारात त्या भोकावर अंडं टेकवायचं. फळलेल्या अंड्यात कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक लाल शिरा दिसतात, मधोमध एक काळा ठिपका हलतो. न फळलेलं अंडं नुसतं पिवळसर, स्वच्छ दिसतं. ते बाजूला काढून गाडून टाकायचं. अंडं हातात फार वेळ ठेवायचं नाही आणि आटोपल्यावर लगेच कोंबडीच्या पोटाखाली सारायचं. ॲरिस्टॉटलनं सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी हाच अभ्यास वेगळ्या पद्धतीनं केला. उबवायला ठेवलेली अंडी तो वेगवेगळ्या दिवशी फोडून पाहत गेला आणि तीन दिवसांनंतर पांढऱ्यात रक्ताच्या थेंबाएवढं हृदय उड्या मारताना दिसतं, असं लिहून ठेवलं. आपल्याला अंडं फोडायची गरज नाही, टॉर्च पुरतो.

अठराव्या दिवसापासून अंड्यांना हात लावायचा नाही. पिल्लू तोंड मोठ्या टोकाकडे आणतं, तिथल्या हवेच्या पोकळीत चोच खुपसतं आणि पहिला श्वास घेतं. मग कवचाच्या आतूनच त्याचा आवाज येतो आणि बाहेरून आई हलक्या आवाजात उत्तर देते. अंडं कानाशी धरता येत नाही म्हणून मुलं पाटीला कान लावून बसतात. चोचीच्या टोकावर एक टणक कण असतो, त्यानं कवचाला पहिली चीर पडते. तिथून पूर्ण बाहेर यायला बारा तास, कधी एक अख्खा दिवस लागतो. याच वेळी घरातलं कुणीतरी म्हणतं, "आपण थोडं सोलून देऊ ना, किती दमलंय ते!" सोलायचं नाही. कवचाच्या आतल्या पडद्यात अजून रक्त वाहत असतं आणि उरलेला बलक पिल्लाच्या पोटात ओढला जायचा असतो. घाईनं सोललेलं पिल्लू रक्तस्रावानं मरतं. मोठ्यांनी इथे कडक राहावं.

पोटात गेलेल्या बलकावर पिल्लू दोन-तीन दिवस दाण्यापाण्याविना तग धरू शकतं. पाटीत आधी निघालेल्या पिल्लांना मागून निघणाऱ्या भावंडांसाठी थांबता यावं, ही त्यामागची सोय. पोल्ट्रीचा अख्खा धंदा याच सोयीवर उभा आहे. एक दिवसाची पिल्लं भोकं पाडलेल्या खोक्यांत भरून शेकडो किलोमीटर जातात ती यामुळेच. महाराष्ट्रात पशुसंवर्धन खात्याची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं पुण्यात खडकीला, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला आहेत. गिरिराज, वनराज यांसारखी परसातल्या पालनासाठी तयार केलेली सुधारित पिल्लं अशा केंद्रांतून आणि खासगी हॅचरींतून मिळतात. गिरिराज बंगळुरूच्या कृषी विद्यापीठाचं, वनराज हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेचं. दिसायला देशीसारखी रंगीत, अंगानं भरणारी आणि अंडी जास्त देणारी. पण या सुधारित कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत. म्हणजे पिल्लं आणलीत तर आईचं काम तुम्हाला करावं लागणार.

ते काम म्हणजे मुख्यतः ऊब. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमान लागतं. पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी करत जायचं. चौथ्या-पाचव्या आठवड्यात अंगावर खरी पिसं आली की बाहेरच्या उबेची गरज संपते. नाशिककरांनी हा आकडा हलक्यात घेऊ नये. निफाडच्या कुंदेवाडीतल्या गहू संशोधन केंद्रावर थंडीच्या लाटेत पारा पाच अंशांच्याही खाली गेल्याच्या बातम्या दर दोन-चार वर्षांनी येतात. द्राक्षाचे मणी तडकू नयेत म्हणून शेतकरी पहाटे बागेत शेकोट्या पेटवतात. अशा रात्री कापसाएवढ्या वजनाच्या जिवाचं काय होईल, ते सांगायला नको.

पिल्लांना ऊब देणारा ब्रूडर घरी करता येतो. दीड फूट उंचीचा पत्रा किंवा जाड पुठ्ठा गोल वाकवायचा. गोलच हवा, कारण चौकोनी खोक्याच्या कोपऱ्यात पिल्लं एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. खाली दोन-तीन इंच भाताचं तूस. इगतपुरी-घोटीकडे भाताच्या गिरण्या असल्यानं तिकडे ते सहज मिळतं. पहिले दोन दिवस तुसावर गोणपाट अंथरायचं, नाहीतर पिल्लं दाण्याऐवजी तूसच टिपतात. वर्तमानपत्र नको. गुळगुळीत कागदावर पाय घसरून ते कायमचे फाकतात. वर बल्ब टांगायचा आणि इथे हल्ली हमखास घोटाळा होतो. घरोघरी आता एलईडी दिवे आहेत, त्यांचा उजेड भरपूर पण ऊब जवळजवळ नाही. तारेचा जुना पिवळा बल्ब शोधून आणावा लागतो. पिल्लामागे दोन वॅट हा ढोबळ हिशेब, म्हणजे तीस पिल्लांना साठचा एक बल्ब चालतो. वीज गेली तर काय, याचं उत्तर आधी तयार ठेवा. गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून ठेवणं सुरक्षित. बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवू नका. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूनं पिल्लं मरतातच, शेजारी झोपलेल्या माणसांचाही जीव जातो.

थर्मामीटर असेल तर उत्तम, पण मुलांना थर्मामीटरशिवाय वाचायला शिकवा. पिल्लं बल्बखाली गोळा होऊन मोठ्यानं चिवचिवत असतील तर त्यांना गारठा लागलाय, बल्ब खाली घ्या. कडेला पळून चोच उघडी आणि पंख सैल सोडून बसली असतील तर बल्ब वर घ्या. सगळी एकाच बाजूला सरकली असतील तर दुसऱ्या बाजूनं वारा शिरतोय. सारखी पसरून, काही खात, काही पाय ताणून झोपलेली दिसली तर ठीक. नवख्या पोरांना ही पसरून झोपलेली पिल्लं मेलेली वाटतात आणि घरभर रडारड होते.

पिल्लं आली की आधी पाणी, मग दाणा. प्रवासातून आलेल्या पिल्लांना पहिल्या पाण्यात थोडा गूळ घालायची पद्धत आहे. प्रत्येकाची चोच एकदा पाण्यात बुडवून दाखवायची, हे काम मुलं जीव लावून करतात. भांडं उथळ हवं आणि त्यात गोटे ठेवायला हवेत, कारण पिल्लू बोटभर पाण्यातही बुडतं. खाद्य म्हणून बाजारात चिक स्टार्टर मिळतं, त्यात प्रथिनं वीस टक्क्यांच्या आसपास असतात. नुसता मक्याचा भरडा किंवा तांदळाची कणी यांनी पोट भरतं, वाढ होत नाही. पाड्यांवरच्या पोरांनी हे कोष्टक कधी पाहिलेलं नसतं, पण ती रानातून वाळवीचं वारूळ फोडून टोपलीत आणतात आणि पिल्लांपुढे उपडं करतात. वाळवीत प्रथिनं भरपूर असतात. काही पिल्लांच्या मागे विष्ठा वाळून चिकटते आणि जागा बुजते. कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसानं ती हळूच सोडवायची. घाण काम आहे, पण आठ-दहा वर्षांची मुलं नाक मुरडत का होईना, नीट करतात.

पिल्लू उचलायचंही शिकवावं लागतं. वरून आलेला हात पिल्लाला घारीसारखा दिसतो आणि ते दचकून दबतं. हात जमिनीलगत समोरून न्यायचा, ओंजळ करायची, त्याला चढू द्यायचं. उभ्यानं धरायचं नाही, बसून धरायचं. पाच वर्षांखालच्या मुलांनी पिल्लं हाताळूच नयेत. निरोगी दिसणाऱ्या पिल्लाच्या अंगावरही साल्मोनेला जिवाणू असू शकतात आणि लहान मुलांना त्यांनी जबर जुलाब होतात. बाकीच्यांनी पापे घ्यायचे नाहीत, पिल्लं स्वयंपाकघरात आणायची नाहीत, प्रत्येक वेळी साबणानं हात धुवायचे. या नियमाला आजोबाही अपवाद नाहीत.

जत्रेत, आठवडे बाजारात गुलाबी, हिरवी, जांभळी पिल्लं पाच-दहा-वीस रुपयांना विकायला असतात, त्यांच्याबद्दल इथे बोललंच पाहिजे. ती बहुतेक लेअर जातीच्या हॅचरीत नको झालेली नर पिल्लं असतात. अंडी देणार नाहीत आणि ब्रॉयलरसारखी मांसानं भरणार नाहीत, म्हणून धंद्याला निरुपयोगी. जगभर अशी कोट्यवधी नर पिल्लं जन्मल्या दिवशीच मारली जातात. जर्मनीनं २०२२ पासून त्यावर बंदी घातली आणि तिथे अंड्यातच लिंग ओळखायची यंत्रं वापरात आली. आपल्याकडे त्यातली काही रंगात बुचकळून बाजारात येतात. रंगवताना भिजलेली, दिवसभर उन्हात-वाऱ्यात राहिलेली, लस न मिळालेली ही पिल्लं घरी आणल्यावर दोन-तीन दिवसांत माना टाकतात. मूल हट्ट करतं म्हणून ती घेणं म्हणजे पोराच्या हातात मरण देणं आहे. घेऊ नका.

आता त्या मुलाची गोष्ट, ज्यानं कोंबड्यांकडे बघत बसण्यातून एक शास्त्र उभं केलं. थोर्लीफ श्येल्डेरुप-एब्बे हा नॉर्वेतला मुलगा १८९४ मध्ये जन्मला. लहानपणी त्याला कोंबड्यांचा नाद लागला. कोण कुणाला टोचते, कोण कुणाला वाट देते, याच्या नोंदी तो वहीत करू लागला. त्याच्या लक्षात आलं की टोचणं वाटेल तसं नसतं. पहिली कोंबडी सगळ्यांना टोचते, तिला कोणी टोचत नाही. दुसरी पहिलीला सोडून सगळ्यांना टोचते. असं करत शेवटची सगळ्यांचं ऐकून घेते. मोठेपणी त्यानं याच नोंदींवर संशोधन लिहिलं, १९२०च्या दशकाच्या सुरुवातीला ते प्रसिद्ध झालं आणि प्राण्यांच्या कळपातली उतरंड हा अभ्यासाचा विषय झाला. आज माकडांपासून कचेऱ्यांपर्यंत सगळीकडे ही कल्पना वापरतात.

तुमच्या अंगणातही हे दिसतं. पिल्लं तीन-चार आठवड्यांची झाली की छाती पुढे काढून एकमेकांसमोर उभी राहतात, उड्या मारतात, टोचून पाहतात. दोन महिन्यांच्या आसपास क्रम बराचसा ठरतो. प्रत्येकाच्या पायात वेगळ्या रंगाची दोऱ्याची सैल कडी घाला, वाढत्या पायाला काचणार नाही अशी बदलत राहा, आणि मुलाला वही द्या. दाणा टाकल्यावर कोणी कोणाला हटवलं एवढंच लिहायचं. एखाद्या पिल्लाला सगळीच टोचत असतील, रक्त दिसत असेल तर मात्र प्रयोग बाजूला ठेवून त्याला वेगळं काढायचं. रक्त पाहिलं की बाकीची थांबत नाहीत.

इटलीतल्या संशोधकांनी २००९ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली. पिल्लू जन्मल्यावर जे हलतं-फिरतं पहिल्यांदा पाहतं, त्याला आई मानून त्याच्यामागे लागतं. कॉनराड लॉरेन्झनं हंसांच्या पिल्लांवर हे दाखवून दिलं आणि १९७३ च्या नोबेलमध्ये त्याचा वाटा होता. इटलीतल्या पिल्लांना पाच सारख्या लहान वस्तूंसोबत वाढवलं होतं, म्हणून ती त्या वस्तूंनाच आई मानून त्यांच्यामागे जात. मग त्यांच्या डोळ्यांदेखत तीन वस्तू एका पडद्याआड आणि दोन दुसऱ्या पडद्याआड नेल्या. पिल्लं तीन असलेल्या पडद्यामागे गेली. पुढे काही वस्तू एका पडद्याआडून दुसऱ्याआड हलवल्या, तरी जास्त कुठे झाल्या हे त्यांनी ओळखलं. काही दिवसांच्या पिल्लाला एवढी बेरीज-वजाबाकी येते. कोंबडीला अक्कल नसते असं म्हणणाऱ्यांनी हा प्रयोग लक्षात ठेवावा.

शत्रूंची यादी आजी तोंडपाठ सांगते: घार, कावळा, बोका, मुंगूस, साप, आणि डोंगराकडेला रानमांजर. आई सोबत असली तर घारीची सावली पडताच ती एक विशिष्ट आवाज काढते आणि पिल्लं असतील तिथे दबतात. आई नसलेल्या पिल्लांसाठी पहिले काही आठवडे बांबूचं डालगं किंवा जाळीचा पिंजरा लागतोच. फवारणी झालेल्या बागेत पिल्लं सोडायची नाहीत. द्राक्षाच्या पट्ट्यात ही गोष्ट रोज लक्षात ठेवावी लागते, कारण मेलेले किडे टिपूनही विष पोटात जातं.

पण खरा घात रोगाचा. मानमोडी, म्हणजे राणीखेत, आली की आठवड्यात अंगण रिकामं होतं. हिरवट विष्ठा, धाप, वाकडी झालेली मान. यावर औषध नाही, लस आहे. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लशीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, पुढच्या मात्रा पशुवैद्यकाला विचारून. अडचण वेगळीच आहे. लशीची कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची येते, मिसळल्यावर तास-दोन तासांत संपवावी लागते आणि तोवर बर्फात ठेवावी लागते. आठ पिल्लांसाठी कोण एवढी खटपट करणार? म्हणून बहुतेक घरांत लस दिली जात नाही आणि पावसाळ्याच्या तोंडाला किंवा उन्हाळ्यात कोंबड्या जातात. उपाय सोपा आहे. पाड्यानं किंवा वस्तीनं एक दिवस ठरवायचा, कोंबड्या खुराड्यातून सोडायच्या आधी पहाटे पोरांनी घरोघरी निरोप द्यायचा, थर्मासमधून कुपी फिरवायची. पिल्लू धरणारे हात पोरांचे, थेंब टाकणारा मोठा. मला या सगळ्या प्रकरणातली सर्वांत उपयोगी गोष्ट हीच वाटते.

एकाएकी बऱ्याच कोंबड्या मेल्या तर मात्र मुलांना दूर ठेवा, मेलेल्याला उघड्या हातानं शिवू नका, ओढ्यात टाकू नका आणि जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. भारतात बर्ड फ्लूची पहिली नोंद फेब्रुवारी २००६ मध्ये आपल्याच उत्तर महाराष्ट्रात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाली. तेव्हा पोल्ट्रीतल्या लाखो कोंबड्यांबरोबर आसपासच्या गावांतल्या अंगणातल्या कोंबड्याही माराव्या लागल्या.

राहिला तो प्रश्न, जो शहरातून आलेले आईबाप टाळतात. दहा पिल्लांत साधारण पाच नर निघतात. आठ-दहा कोंबड्यांना एक कोंबडा पुरतो. उरलेले मोठे झाले की एकमेकांना रक्तबंबाळ करतात. ते विकले जातात किंवा आखाडात शिजतात. हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा. "तो पळून गेला" किंवा "मामाकडे दिला" असं खोटं सांगू नका. पोरांना खरं कळतंच आणि मग पुढच्या गोष्टींवरचाही विश्वास जातो. नावं ठेवायचीच असतील तर तलंगांना, म्हणजे वाढत्या माद्यांना, ठेवा, त्या अंड्यांसाठी राहणार आहेत. ज्या मुलाला आपण वाढवलेल्या कोंबड्याचा रस्सा नको असेल त्याला खायला बळजबरी करू नका. त्याची थट्टाही करू नका.

मोठी होताना पिल्लांचे पाय पिवळे होतात, तिकडे मुलांचं लक्ष वेधा. कोंबडीचा मुख्य पूर्वज म्हणजे लाल रानकोंबडा. त्याच्या कातडीला हा पिवळेपणा नसतो. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात दिसलं की पिवळ्या कातडीचं जनुक राखाडी रानकोंबड्याकडून आलंय, आणि हा पक्षी भारतातच राहतो. आपल्या सह्याद्रीच्या रानात पहाटे आरवतो तोच. पोराला त्र्यंबक किंवा इगतपुरीच्या डोंगरात नेलंत आणि झाडीतून तुटक, कर्कश आरव ऐकू आला, तर घरच्या कोंबडीच्या पायाचा रंग कुणाकडून आला ते सांगता येईल.

वेळ कोणती निवडावी? मालेगाव-येवल्याकडचा मे महिना आणि निफाडचा जानेवारी, दोन्ही लहान पिल्लांना वाईट. पावसाळ्यात तूस ओलं राहतं आणि रक्ती हगवण लागते. फेब्रुवारीच्या मध्यावर कोंबडी बसवली तर मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात पिल्लं निघतात. कडाक्याची थंडी ओसरलेली असते आणि उन्हाचा तडाखा सुरू व्हायच्या आत अंगावर पिसं येतात. उन्हाळ्याची सुट्टी लागेल तेव्हा ती दीड-दोन महिन्यांची, अंगणात धावणारी असतात. तेव्हा जानेवारीअखेर गावाकडे चौकशी करून ठेवा: कुणाची कोंबडी खुडूक बसायला आलीय, आणि तालुक्याच्या दवाखान्यात लासोटा कधी मिळेल.